पालक आल्याशिवाय

संध्याने तो कान आधी पाहिला होता. उजवा कान, वरच्या कडेचा अर्धगोल तुकडा गेलेला. भोक पाडायच्या यंत्रात कागद नीट न सरकवता दाबलं की अर्धंच भोक पडतं, तसा. कानाच्या खाली एक माणूस होता आणि तो हेडसरांच्या टेबलासमोर उभा राहून रडत होता. संध्या डाव्या बाजूच्या खुर्चीत दहावीच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक घेऊन बसली होती, त्यावर सही व्हायची होती. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कान राहत. आनुवंशिकतेचा धडा शिकवताना ती मुलांना एकमेकांच्या कानाच्या पाळ्या पाहायला लावायची, कुणाची सुटी, कुणाची गालाला चिकटलेली, आणि त्या तासाला वर्गात जो गोंधळ व्हायचा तो तिला वर्षभर पुरायचा. हा कान गेल्या महिन्यात याच जागी उभा होता. तेव्हा त्याच्याखाली धोतर होतं, एक पाय लंगडा होता, आणि तो नववीतल्या एका मुलीचा बाप होता. आज डोक्यावर जाळीची पांढरी टोपी होती, पाय दोन्ही बरे झाले होते, आणि शेजारी सातवीतला इरफान मान खाली घालून उभा होता. "साहब, बिनमाँ का बच्चा है," तो माणूस म्हणाला, आणि इरफानने दचकून वर पाहिलं. त्याची आई परवाच संध्याला भाजीबाजारात भेटली होती, ठणठणीत होती. हेडसर दाखल्यांवर सह्या करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पुन्हा तक्रार आली तर दाखला हातात देईन. समजलं?" "समझ्या, साहब," असं म्हणून त्या माणसाने इरफानच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तळहात पोकळ धरलेला होता. आवाज मोठा, आघात जवळपास शून्य. संध्याला ते काम फार आवडलं.

वेळापत्रक तसंच टेबलावर ठेवून ती त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेली. काय विचारावं हे तिने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "जयभीम, काका." "जयभीम," माणूस म्हणाला. हात आपोआप वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग टोपी चाचपायला म्हणून पुढे गेला. इरफान फिस्सकन हसला आणि वर्गाकडे पळाला. "कान," संध्याने खुलासा केला. "हां, कान," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "शेळीनं खाल्ला, लहानपनी. झोपलो व्हतो. बाकी सगळं बदलता येतंय बघा मॅडम, चाल बदलती, बोली बदलती. कानाचं काय करावं? म्हनून साहेबाला मी डावी बाजू देतो. पन साहेब बघतेत कुठं? टोपी तर आज जीपमधी विसरून आल्तो, परत जाऊन आनली. नसती आनली तरी चाललं असतं." त्याचं नाव राजानंद. कापसाच्या जिनिंगमधून सुटून बरीच वर्षं झालेली. तरुणपणी जलशात काम करायचा. "तमाशात न्हाई, जलशात," त्याने बजावलं, "त्यात आन् ह्यात फरक हाय. आमी समाजपरबोधन करायचो." आणि आता हे? "आता हे बी परबोधनच हाय की. पोराचे मायबाप लोखंडाच्या भट्टीवर. येक खाडा झाला की मुकादम दुसरा मानूस उभा करतो. मंग कोन येनार साळंत? मी रिकामाच." संध्याने विचारलं, आत्तापर्यंत किती मुलांचे वडील झालात? राजानंदकाका खरोखर दुखावल्यासारखा दिसला. "मोजले न्हाईत. मोजलं की माया कमी होती."

मोजलं की माया कमी होते. ती दिवसभर ते वाक्य घेऊन फिरली, तराजूच्या काचेच्या पेटीत पाहावं तसं त्याच्याकडे पाहत. तिचा सगळा जन्म मोजण्यात गेला होता. घरी डाळ शिजायला किती शिट्ट्या लागतात हे ती पाण्याच्या क्षारांवरून सांगायची, आणि नवरा म्हणायचा, आपण नुसतं जेवू या का? शाळेतल्या एका गोष्टीची मोजणी मात्र ती वर्षानुवर्षं टाळत आली होती, आणि टाळते आहे हे तिला त्या दिवशी कळलं. वर्गात शिरल्यावर रिकामी बाकं दिसतात. कोण आलं नाही? मुलं एका सुरात सांगतात: त्याला पालक आणायला पाठवलंय मॅडम. निलंबन वगैरे शब्द या शाळेत कुणी वापरत नसे. 'पालक आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही', एवढंच. वाक्य इतकं साधं होतं की त्यात शिक्षा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. भांडण केलं, पालक आणा. उलट बोललं, पालक आणा. केस वाढले, पालक आणा. आणि नियम सगळ्यांना सारखा, हे अगदी खरं होतं. काहींचे पालक दुपारच्या सुट्टीच्या आत येऊन बसत. काहींचे पालक कधी फर्नेसपाशी असत, कधी उसाच्या फडावर, कधी लेकराच्याच वयाच्या दुसऱ्या लेकराला दवाखान्यात घेऊन बसलेले. मग बाक रिकामं राही, चार दिवस, आठ दिवस, काही बाकं कायमची. बल सारखं लावलं तरी खाली फरशी आहे की वाळू यावर वस्तू किती सरकेल ते ठरतं, हे ती आठवीला शिकवत होती. रिकामी बाकं कुठल्या वस्त्यांची असतात हे तिला पाठ होतं. मोजलं असतं तर आकडा आला असता, आणि आकडा आला की तो कुणालातरी दाखवावा लागतो. तिचा स्वभाव दाखवणारा नव्हता.

हेडसर वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. वाईट असते तर तिला रात्री झोप लागली असती. ते शाळेच्या कुंड्यांना स्वतः पाणी घालत. चौदा एप्रिलला त्यांचं भाषण शाळेत सर्वांत लांब असे आणि त्यात एकही चूक नसे. "मी कुणाची जात विचारत नाही," हे ते अभिमानाने सांगत, आणि खरंच त्यांना विचारावी लागत नसे. त्यांच्या खोलीत डावीकडे खुर्च्या होत्या, उजवीकडे लोखंडी कपाट. काही पालक आत आले की सरळ खुर्चीकडे जात, हेडसर उठून "बसा, चहा सांगू का?" म्हणत. काही पालक आत आले की कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. तिथे उभं राहा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. फरशीवर रेघ नव्हती. कागदाखाली चुंबक असला की लोहकीस जसा आपापल्या जागी जाऊन बसतो, तशी माणसं वळत होती. आणि चुंबक कुठे आहे हे विचारलं असतं तर हेडसरांनी प्रामाणिकपणे टेबलाखाली वाकून पाहिलं असतं.

मग तो वासाचा प्रकार झाला. संस्थेचे अध्यक्ष सभागृहात बोलत होते. विषय संस्कार होता आणि ते नुकतेच म्हणाले होते की या शाळेचा दरवळ संपूर्ण जिल्ह्यात पसरला आहे. त्याच सुमाराला मागच्या खिडकीतून सडक्या अंड्यांचा वास आला. असा वास आला की प्रत्येक सभ्य माणूस आधी श्वास धरतो, मग शेजाऱ्याबद्दल विचार करतो. अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष जिद्दी माणूस होते, ते बोलत राहिले. शेवटी रुमालातून बोलत राहिले. संध्याला पहिल्या क्षणी कळलं होतं. हायड्रोजन सल्फाइड, प्रयोगशाळेच्या वरच्या फळीवर जुन्या अभ्यासक्रमातली लोह सल्फाइडची बाटली होती, ती फेकून द्यायचं तिच्याकडून राहत आलं होतं. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटला तो चक्क अभिमान. कुणीतरी पुस्तकात नसलेली अभिक्रिया करून दाखवली होती, आणि प्रमाण बरोबर धरलं होतं. दोघी स्वतःहून उभ्या राहिल्या. आकांक्षा आणि साक्षी, दहावी ब, एकाच बाकावरच्या, एकीने बोलायला सुरुवात केली की दुसरी वाक्य संपवणार.

शिस्त समितीत संध्या होती, कारण समितीत विज्ञानाचं कुणीतरी असावं असं हेडसरांना वाटलं होतं. सहा वर्षांत ती समितीत 'बरोबर' आणि 'हो सर' याखेरीज फारसं बोलली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने तोंड उघडलं. "सर, नळी एकच होती." "कुणाच्या हातात?" "चिमटा आकांक्षाच्या हातात. आम्ल साक्षीने ओतलं." "बघा. ओतलं साक्षीने." "पण लोह सल्फाइड आकांक्षाने टाकलं होतं, सर. दोन्हींशिवाय वायू होत नाही." हेडसर विचारात पडले. ते इतिहासाचे होते, पण न्यायी होते. "ते जे लोह का काय, त्याला वास येतो?" "नाही, सर." "आणि आम्ल पडल्यावर आला." "हो सर." "म्हणजे वास साक्षीने आणला," हेडसर म्हणाले. त्या तर्कात एक भयंकर सौंदर्य होतं. संध्याने तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर आलं, "हो सर." म्हणजे तिला म्हणायचं होतं, हो सर, तुमचं म्हणणं मला कळलं, आता माझं ऐका, पण वाक्याचा पहिलाच तुकडा बाहेर आला आणि मागचे तुकडे दार लागल्यासारखे आतच राहिले.

आकांक्षाचे वडील भागवतराव त्याच दुपारी आले. कुंभार पिंपळगावचे, जालन्यात खताबियाण्याचं दुकान. खुर्चीत बसले, चहा आला. "लेकरानं वास सोडला म्हनत्यात, सर?" "प्रयोग केला," हेडसर म्हणाले, "जिज्ञासा आहे पोरीत. पण वेळ-काळ पाहायला पाहिजे." आकांक्षा मध्येच म्हणाली, "सर, आयडिया माझी होती. साक्षी नकोच म्हणत होती." हेडसरांचे डोळे पाणावले. "बघा भागवतराव, मैत्रिणीवर आळ येऊ नये म्हणून स्वतःवर घेते. असं मन आजकाल मिळत नाही." भागवतरावांनाही गहिवरून आलं, पण ते सरळ माणूस होते, उठता उठता म्हणाले, "त्या दुसऱ्या पोरीलाबी बसू द्या सर. बोर्डाचं वर्ष हाय." "तिचे पालक आले की त्याच क्षणी," हेडसर म्हणाले, "आपल्याकडे नियम सगळ्यांना सारखा आहे." आणि पालक आल्याशिवाय साक्षीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकालाही बसू देऊ नये, असं त्यांनी संध्याला बजावून सांगितलं. प्रात्यक्षिक गुरुवारी होतं. बाहेरचे परीक्षक त्या एकाच दिवशी यायचे होते. त्याचे गुण नाहीत तर विज्ञान नाही, आणि विज्ञान नाही तर साक्षीची दहावी नाही. तिचे आईवडील दिवाळीपासून सांगलीकडे ऊसतोडीला गेलेले, पाडव्याशिवाय परत येणार नव्हते. मावशी खाडा करून एकदा येऊन गेली होती. मावशी म्हणजे पालक नव्हे, असं तिला सांगण्यात आलं.

त्या आठवड्यात संध्याच्या डोक्यात एक कंपासपेटी वाजत राहिली. जाफराबादच्या शाळेत, पाचवीत, तिच्या कंपासपेटीत कर्कटक आणि पट्टीच्या मध्ये एक बोंडअळी राहत असे. कपाशीच्या शेतातून आणलेली, गुलाबी, गोंडस, सरकीचे दाणे देऊन पोसलेली. तिचा कोश कसा होतो हे संध्याला पाहायचं होतं. शेजारच्या मुलीने पेटी उघडली, किंचाळली, अळी बाईंच्या टेबलावर जाऊन पडली. वडिलांना घेऊन ये, तोवर येऊ नको. वडील, देवानंद, ओझी उचलायचे, कापसाचा हंगाम भरात होता. संध्या घरी बसून राहिली. अळीशिवाय, ही त्यातली मुख्य हानी होती. एके दिवशी वडील धुतलेला सदरा घालून तिच्याबरोबर निघाले. मुख्याध्यापकांच्या दारात पोचले आणि आत खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या गुरुजींना पाहून जागच्या जागी थिजले. गुरुजींनी त्यांनाही शिकवलं होतं. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि जुन्याच सुरात म्हणाले, "कोण, देवानंद? काय केलं?" आणि तिचा बाप, क्विंटलभराची गासडी पाठीवर घेणारा माणूस, बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. गुरुजी विसरून गेले. शेवटी संध्यानेच सदऱ्याला धरून ओढलं, "बाबा, तुम्ही न्हाई, मी केलंय." घरी जाताना रस्ताभर ते स्वतःशीच हसत होते, आणि आईला सांगताना तर जमिनीवर लोळून हसले. आई हसली नाही. संध्या त्या वेळी हसली होती. न हसायचं वय अजून यायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी ती राजानंदकाकाकडे गेली. कुंडलिकेचा पूल ओलांडून, विचारत विचारत. घरात शिरली तर काका पलंगावर बसलेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढून दोनच दिवस झाले होते. "या मॅडम, या! पोरीचं कळलं मला. हिरवी पट्टी लावून येतो ना, लई भारी दिसंल. बाप, त्यात आंधळा. साहेब खुर्चीवरून उतरतेत का न्हाई बघा." त्याची बायको दुर्गाबाई स्टोव्हपाशी होती. ती न वळता म्हणाली, "उतरतेत! धूळ गेली डोळ्यात तर मी उतरवीन तुमाला. डाक्टरनं काय सांगितलं? हसायचं न्हाई, रडायचं न्हाई." "रडायचं न्हाई म्हनला का?" काका पडलेल्या आवाजात म्हणाला. "बिलकुल न्हाई." काकाने विचार केला. "मंग उपेग न्हाई, मॅडम. न रडता बाप कसा करावा? तसा पार्ट मला येत न्हाई." दुर्गाबाईने संध्यापुढे चहा ठेवला आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी मास्तरीन हायेत ना त्याच साळंत? मंग तुमीच सांगा की साहेबाला." सांगितलं मी, संध्या म्हणाली. "काय सांगितलं?" संध्याला 'हो सर' आठवलं. ती चहा प्यायला लागली. "यायला पायजे कोनीतरी," दुर्गाबाई म्हणाली, "सांगून काय होतंय."

गुरुवारी सकाळी साक्षीला स्कूटीवर मागे बसवून संध्या शाळेत आली तेव्हा तिच्याकडे योजना होती. हेडसरांसमोर बसायचं आणि क्रमाने मांडायचं: एक नळी, दोन मुली, दोन पदार्थ, एक वायू. वाटेत तिने मुद्दे दोनदा घोकले. रस्त्यावर ट्रकची धूळ उडत होती, तोंडाला आणि डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली होती, जालन्यातल्या प्रत्येक बाईची असते तशी, फक्त डोळे मोकळे. साक्षी जिन्यावर तिच्या कानाशी म्हणाली, "मॅडम, तुम्ही रडणारंय का?" "नाही." "काका रडतेत, मंग सर जल्दी सोडतेत." "आपण मुद्दे मांडणार आहोत," संध्या म्हणाली. साक्षीने सहानुभूतीने मान हलवली. हेडसर सह्या करत होते. साक्षी आत गेली आणि सवयीने कपाटाशेजारी उभी राहिली, आणि संध्या, मुलीला एकटं कसं सोडावं म्हणून, खुर्चीकडे न जाता तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचा हात ओढणीच्या गाठीकडे गेला. "आलात का एकदाच्या," हेडसर मान वर न करता म्हणाले. "आई ना?"

हात गाठीवर थांबला. गाठ सोडायला एक क्षण पुरला असता. पण तिच्यातली जी बाई तापमापीचा पारा चढत असताना श्वासही रोखून धरते, ती म्हणाली, थांब, आत्ता काही करू नकोस, बघ. ती गप्प राहिली. त्या कोपऱ्यात गप्प राहणं म्हणजे होकार असतो, हे तिला तिथे उभं राहिल्यावर समजलं. "पोरीकडे लक्ष नाही तुमचं," हेडसर म्हणाले, रागाने नाही, थकून. "तुम्ही लोक एकदा शाळेत नाव घातलं की सुटलात. घरी अभ्यास कोण घेतं?" "म्या घेते," संध्या म्हणाली, आणि दचकली. तो आवाज तिचा नव्हता. तिच्या आईचा होता, जाफराबादच्या घरातला, वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या फडताळातून बाहेर आला होता, जरासुद्धा न गंजलेला. "तुम्ही शिकलात का काही?" "थोडं शिकले, सर." "कामाला कुठं?" "साळंतच." "कुठल्या शाळेत? खिचडी शिजवायला?" "परयोगशाळेत असते मी." "झाडलोट," हेडसर समजूतदारपणे म्हणाले. "मग तर तुम्हाला कळायला पाहिजे बाई. पोरीने रसायनांना हात लावला तो तुमच्यामुळेच. घरात जे बघतं तेच लेकरू करतं." हे मात्र अगदी बरोबर होतं. "व्हय सर," संध्या म्हणाली. तिला हसू येत होतं, आणि ते नुसतं हसू नव्हतं. खुर्चीतून ही खोली केवढी लहान वाटायची! इथून टेबल फार दूर होतं, आणि हेडसरांचं फक्त टक्कल दिसत होतं, स्वच्छ, निरुपद्रवी. त्यांनी एक कागद पुढे सरकवला, आणि त्याच्या पाठोपाठ, न विचारता, न पाहता, शाईचा पॅड. "इथं." एम. एस्सी.च्या गुणपत्रिकेवर, लग्नाच्या नोंदणीवर, या शाळेच्या नेमणूकपत्रावर जी सही तिने केली होती तिला एक छानशी वेलांटी होती. तिने डाव्या हाताचा अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला. ठसा सुरेख आला; रेघान् रेघ मोजता आली असती. "जा गं, परीक्षेला बस," हेडसर म्हणाले, "आणि तुम्ही, बाई, पुन्हा बोलवायची वेळ आणू नका."

प्रयोगशाळेत बाहेरचे परीक्षक पहिल्या टेबलावरच्या मुलांना प्रश्न विचारत होते. संध्या तोंड धुऊन, ओढणी खांद्यावर टाकून, आपल्या जागी उभी राहिली. साक्षी तिसऱ्या टेबलावर उदासिनीकरण करत होती. परीक्षानळीत थेंब टाकताना जिभेचं टोक बाहेर काढायची तिची सवय होती. आकांक्षाने लांबूनच तिला भुवया उडवून विचारलं, आणि साक्षीने संध्याकडे बोट करून असं काही तोंड केलं की आकांक्षाच्या हातातली नळी पडता पडता राहिली. तेवढ्यात हेडसर आले. परीक्षकांना नमस्कार करून, वर्गावरून नजर फिरवून, ते संध्याजवळ येऊन उभे राहिले, प्रसन्न, हात मागे बांधून. "बसली ना ती मुलगी?" ते हळू आवाजात म्हणाले. "तिची आई येऊन गेली सकाळी. साधी बाई, पण समजूतदार वाटली. एका शब्दाने उलट बोलली नाही. तुम्ही उगाच त्या दिवशी वाद घालत होता, मॅडम. बोलावलं की येतात हे लोक. बोलवावं लागतं."

हो सर, असं तिच्या तोंडात आलं. जिभेच्या टोकावर, तयार, कित्येक वर्षांचं गुळगुळीत झालेलं. तिने ते गिळलं. मुद्दे सगळे विसरले होते, नळी, पदार्थ, वायू. "सर," ती म्हणाली, "ती मीच होते."

हेडसर हसले. शांत बाई अधूनमधून विनोद करते हे त्यांना नवीन होतं आणि आवडलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे, मग खांद्यावरची ओढणी, मग पुन्हा डोळे. संध्याला वाटलं, सहा वर्षांत हा माणूस आपल्याला पहिल्यांदाच पाहतो आहे, आणि हे इतकं अवघड जाईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. हसू त्यांच्या चेहऱ्यावरून एकदम गेलं नाही. डाग निघतो तसं कडेकडेने फिकट होत गेलं. पहिल्यांदा परत आला तो नियम. "म्हणजे," ते चाचरत म्हणाले, "मग पालक आलेच नाहीत." "आले की, सर. तुम्ही त्यांच्याशी बोललात." तिसऱ्या टेबलावर साक्षीचा हात थांबला होता. ड्रॉपर तसाच वर धरलेला, थेंब टोकाला लोंबत. आकांक्षाने चिमटा खाली ठेवला. हेडसरांनी साक्षीकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं, आणि आवाज आणखी खाली आणला. "मॅडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही अंगठा काय म्हणून केलात? सही करायची होती."

"तुम्ही पेन दिलं नाही, सर."

परीक्षक पुढच्या टेबलाकडे सरकले. हेडसर खिशातल्या पेनवर हात ठेवून उभे होते, पेन काढत नव्हते आणि हातही काढत नव्हते. थेंब सुटला, नळीत पडला, आणि द्रावण गुलाबी झालं. साक्षी ते पाहायला विसरली. "चालू द्या," हेडसर अखेर म्हणाले. कुणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं, पण साक्षीने ते स्वतःला घेतलं आणि आकड्याची नोंद करायला खाली वाकली.